फिलाडेल्फियातली शुक्रवारची बैठक

१७२७ साली फिलाडेल्फियातल्या एका छापखान्यात काम करणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या ओळखीच्या माणसांचं एक मंडळ काढलं. त्याचं वय तेव्हा २१. मंडळात सुतार होता, काचा बसवणारा होता, जमीन मोजणारा होता, दस्तऐवजांच्या नकला करून देणारा होता आणि जोडे शिवायचं काम शिकलेला एक गणितवेडाही होता. मंडळाचं नाव ‘जंटो’. दर शुक्रवारी संध्याकाळी ही मंडळी जमत, सुरुवातीला एका गुत्त्यात.

दिवसभर राबलेली माणसं, समोर भरलेले पेले आणि चघळायला अख्खं गाव. अशा बैठकीत बोलणं भरकटायला वेळ लागत नाही. जंटोने त्यावर काढलेला तोडगा मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी प्रश्नच आधी ठरवून ठेवले, एकूण २४. सभासदाने ते बैठकीच्या दिवशी सकाळी वाचायचे आणि आपल्यापाशी सांगण्यासारखं काय आहे, याचा विचार करूनच यायचं. अलीकडे गावात कुणाचा धंदा बुडाला का, आणि त्याचं कारण काय ऐकलं? कुणाची भरभराट होत असेल, तर ती कशाच्या जोरावर? गावात नवा कुणी गुणी माणूस आला आहे का, त्याला आपण काय मदत करू शकतो? तुमच्या एखाद्या चांगल्या बेताला मंडळाचा हातभार लागेल का? एक प्रश्न वाचून झाला की पेलाभर वाइन ओतून पिण्याइतकं थांबायचं, मग पुढचा. हे थांबणं मुद्दामचं होतं. धिम्या माणसालाही तेवढ्यात तोंड उघडायला अवसर मिळे.

धंदा बुडाल्याची चर्चा म्हणजे कुचाळक्यांना आयतं निमित्त. पण प्रश्नातच कारण विचारलेलं असल्यामुळे बोलणाऱ्याला बुडालेल्या माणसाकडून त्याच्या व्यवहाराकडे वळावंच लागे. विषय सांभाळायचा तो असा, प्रश्नाच्या घडणीतूनच.

याशिवाय प्रत्येकाने पाळीपाळीने नीती, राजकारण किंवा निसर्गविज्ञान यांवर चर्चेसाठी प्रश्न आणायचा आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः लिहिलेला निबंध वाचायचा. वाद चढू नये म्हणून पुढे आणखी एक नियम झाला: ठासून मत मांडणं आणि दुसऱ्याचं म्हणणं तोंडावर खोडून काढणं, या दोन्हींना किरकोळ दंड. काचकाम करणारा टॉमस गॉडफ्रे स्वतःच्या बळावर गणित शिकलेला, मोठ्या बुद्धीचा माणूस. पण तो प्रत्येक वाक्यात गणिती काटेकोरपणा मागे आणि क्षुल्लक गोष्टींवर बोलणं अडवून धरी. तो लवकरच मंडळातून गेला. विषयाला सोडून बोलणाऱ्याइतकाच शब्दाशब्दाला अडणाराही चर्चा मोडतो, हे त्याच्या उदाहरणावरून मला पटतं.

सभासद बाराच, असा संकेत होता. मित्रांना आत घ्यायची मागणी आली तेव्हा फ्रँकलिनने संख्या वाढवायला विरोध केला. त्याऐवजी प्रत्येकाने तशाच नियमांचं स्वतःचं वेगळं मंडळ काढावं, असं त्याने सुचवलं. तशी पाच-सहा मंडळं उभी राहिली.

अशा शिस्तीतून कामंही निघाली. आगीची कारणं आणि त्या टाळायचे उपाय यांवरचा निबंध फ्रँकलिनने आधी जंटोत वाचला. पुढे १७३६ साली ‘युनियन फायर कंपनी’ हे आग विझवणाऱ्यांचं पथक तयार झालं. चर्चेत पुस्तकांचे दाखले वारंवार निघत, म्हणून सगळ्यांनी आपापली पुस्तकं बैठकीच्या खोलीत आणून ठेवली. नीट निगा न राहिल्याने वर्षभरात ती ज्याची त्याने घरी नेली. मग १७३१ साली फ्रँकलिनने ५० वर्गणीदार मिळवले, प्रत्येकाकडून सुरुवातीला ४० शिलिंग घेतले आणि ‘लायब्ररी कंपनी ऑफ फिलाडेल्फिया’ स्थापन झाली. ते ग्रंथालय फिलाडेल्फियात आजही चालू आहे.