प्रेक्षक आपले, बर्फ दुसऱ्याचा

२३ फेब्रुवारी १९९७ रोजी मँचेस्टरच्या नायनेक्स अरीनामध्ये मँचेस्टर स्टॉर्म आणि शेफील्ड स्टीलर्स यांच्यातला आइस हॉकीचा सामना पाहायला १७,२४५ माणसं आली. ब्रिटनमध्ये या खेळाला एवढी गर्दी त्याआधी कधी झाली नव्हती. त्यानंतर पावणेसहा वर्षांनी, नोव्हेंबर २००२ मध्ये, हाच मँचेस्टर स्टॉर्म क्लब हंगाम अर्ध्यावर टाकून बंद पडला.

या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या तर ब्रिटिश आइस हॉकीबद्दलचे दोन उलटसुलट समज एकदमच अडचणीत येतात. फुटबॉलच्या देशात हा खेळ पाहतो कोण, हा पहिला. आणि प्रेक्षक असतील तर क्लबाला कसली ददात, हा दुसरा.

"हा तिथला खेळच नव्हे"

ब्रिटनने १९३६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आइस हॉकीचं सुवर्णपदक जिंकलं आहे. त्या संघातले बरेचसे खेळाडू जन्माने ब्रिटिश असले तरी कॅनडात वाढलेले होते, हे खरं. पण त्यांना पाहायला येणारा प्रेक्षक अस्सल स्थानिक होता. १९३४ मध्ये लंडनच्या वेम्ब्लीत एम्पायर पूल ही प्रचंड वास्तू उभी राहिली आणि तिथे हॉकीला हजारोंनी लोक येऊ लागले. स्कॉटलंडच्या किर्कॉल्डी गावातला फाइफ फ्लायर्स हा क्लब १९३८ चा. जुन्या रिंकमध्ये तो आजही खेळतो आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत एकाच रांगेत बसणारी कुटुंबं तिथे सापडतात.

हा प्रेक्षक फुटबॉलच्या प्रेक्षकापेक्षा निराळा आहे. दोन्ही बाजूंच्या समर्थकांना जाळ्या आणि पोलीस लावून वेगळं ठेवावं लागत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या मैदानाकडे तोंड करून बिअर पिता येत नाही, तसा कायदाच आहे. हॉकीच्या खुर्चीवर मात्र ग्लास हातात धरून निवांत बसता येतं. नॉटिंगहॅमच्या अरीनामध्ये एप्रिलमध्ये होणारा प्लेऑफचा शेवटचा शनिवार-रविवार तर जत्राच असते. खेळणारे संघ फक्त चार, पण ज्यांचा संघ कधीच बाद झाला तेही लोक आपापल्या जर्सी घालून येतात. तिकिटं बऱ्याचदा आधीच काढलेली असतात. आपला संघ पोचला तर उत्तम, नाही पोचला तर सहल ठरलेलीच.

बेलफास्टची गोष्ट याहून मोलाची. बेलफास्ट जायंट्स हा क्लब २००० साली निघाला, उत्तर आयर्लंडमधला कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्ष थांबवणाऱ्या शांतता करारानंतर जेमतेम दोन वर्षांनी. त्या शहरात माणसाने कुठल्या फुटबॉल संघाची जर्सी घातली यावरून त्याचा पंथ ओळखला जाई. म्हणून जायंट्सच्या सामन्याला फुटबॉलच्या जर्सी घालून यायला मनाई करण्यात आली. आइस हॉकीवर शहरातल्या कोणत्याच बाजूचा शिक्का नव्हता, आणि नेमकी तीच गोष्ट क्लबाच्या पथ्यावर पडली.

"स्टेडियम भरलं म्हणजे तिजोरी भरली"

हा समज फक्त बाहेरच्यांचा नाही. एके काळी खुद्द क्लब चालवणाऱ्यांचाही तो होता आणि त्याची किंमत त्यांनीच मोजली.

१९९६ मध्ये आठ क्लबांनी मिळून सुपरलीग सुरू केली. मोठ्या अरीना, उत्तर अमेरिकेतून आणलेले व्यावसायिक खेळाडू, झगमगाट, संगीत. खेळाचा दर्जा नि:संशय वाढला. पण मोठी अरीना म्हणजे मोठं भाडं. दहा हजार खुर्च्यांच्या इमारतीत तीन हजार माणसं बसली तरी दिवे, बर्फ, रखवालदार यांचा खर्च फारसा कमी होत नाही. त्यात प्रत्येक क्लब शेजारच्यापेक्षा बरा खेळाडू आणायच्या मागे. पगारांचा आकडा गल्ल्याच्या पुढे धावू लागला.

स्कॉटलंडचा एअर स्कॉटिश ईगल्स हा संघ घ्या. १९९७-९८ च्या हंगामात त्याने जिंकण्यासारखं होतं ते सगळं जिंकलं. पुढे प्रेस्टविकच्या रिंकमधून ग्लासगोजवळच्या नव्या, मोठ्या ब्रेहेड अरीनामध्ये गेला आणि त्याच हंगामात, नोव्हेंबर २००२ मध्ये, बंद झाला. त्याच महिन्यात मँचेस्टर. सुरू झालेल्या सात संघांपैकी पाचच उरले आणि २००३ मध्ये सुपरलीगच गुंडाळली गेली.

तिच्या जागी आलेली एलीट लीग आजही चालते आहे. तिचे संचालक फार शहाणे निघाले असं मला वाटत नाही; त्यांना दुधाने पोळल्याची आठवण ताजी होती, एवढंच. गिल्डफर्ड, कॉव्हेंट्री, डंडी यांसारखे दोन-अडीच हजार माणसं मावणारे क्लब आणि नॉटिंगहॅम, शेफील्ड, बेलफास्ट यांसारखे मोठ्या अरीनावाले एकाच लीगमध्ये खेळतात. छोट्या रिंकमध्ये दोन हजार प्रेक्षक म्हणजे घर भरलेलं, आणि भाडंही त्या मानाने. म्हणून निव्वळ प्रेक्षकसंख्येच्या तक्त्यावरून कोणाचं बरं चाललंय हे ठरवू नये. तळाला दिसणारा क्लब वरच्यापेक्षा निवांत झोपत असू शकतो.

खर्चाची बाजू मात्र सगळ्यांची सारखीच कडक. दहा संघ एकमेकांशी सहा-सहा वेळा खेळले की प्रत्येकाचे ५४ सामने होतात, त्यातले घरचे २७. चषकाचे आणखी काही. म्हणजे वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी तिकीटबारी उघडते ती तीसेक संध्याकाळी. तेवढ्यात परदेशी खेळाडूंचे आठवड्याचे पगार, त्यांना राहायला फ्लॅट, फिरायला गाडी, व्हिसा, बेलफास्टला जायचा प्रवास आणि बर्फाचं भाडं हे सगळं निघालं पाहिजे. मुख्य बचावपटूचा गुडघा ऑक्टोबरमध्ये गेला तर बदली माणूसही त्यातूनच आणायचा.

"टीव्ही आणि प्रायोजक आहेतच की"

आपल्याला असं वाटणं साहजिक आहे. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले; मैदानात किती लोक आले यावर तिथे कोणाचं पोट अवलंबून नाही. ब्रिटिश आइस हॉकीत नेमकं उलटं आहे. सामने टीव्हीवर दिसतात, पण त्या पैशावर संघ पोसला जात नाही. मोठा प्रायोजक म्हणावा असा हायनेकेन होता, १९८३ ते १९९३. त्या दशकात खेळाला नवं बाळसं आलं, पण पुढे प्रायोजक गेला तसा तो आधारही गेला.

हे अवलंबित्व किती आहे ते कोविडने उघडं केलं. अनेक खेळ रिकाम्या स्टेडियममध्ये, टीव्हीच्या भरवशावर सुरू झाले. एलीट लीगने २०२०-२१ चा हंगाम खेळवलाच नाही. कारण साधं होतं : जवळजवळ भरलेल्या रिंकशिवाय सामना खेळवणं म्हणजे प्रत्येक संध्याकाळी तोटा विकत घेणं. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने प्रेक्षकांवर जगणाऱ्या खेळांसाठी ३० कोटी पौंडांची मदत जाहीर केली, त्यात आइस हॉकीच्या वाट्याला ४० लाख पौंड आले. त्या आधाराने २०२१ च्या वसंतात फक्त चार क्लबांची छोटी स्पर्धा नॉटिंगहॅमला झाली, प्रेक्षकांविना.

तिकिटापलीकडचा पैसाही प्रेक्षकाच्याच खिशातून येतो. मध्यंतरात '५०-५०' नावाची सोडत निघते. जमलेल्या रकमेतली निम्मी विजेत्याला, निम्मी क्लबाला. मऊ पक (पक म्हणजे आइस हॉकीत चेंडूऐवजी वापरतात ती चकती) विकत घ्यायचे आणि बर्फावरच्या खुणेकडे फेकायचे, ज्याचा सर्वांत जवळ पडेल त्याला बक्षीस. हंगामाच्या शेवटी खेळाडूच्या अंगावरची जर्सी सोडतीत जाते आणि तो ती तिथल्या तिथे काढून देतो. पाच-दहा मित्र मिळून एखाद्या खेळाडूचे प्रायोजक होतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. क्लबाच्या हिशेबनिसाला तो तसा मुळीच वाटत नाही.

"लोक यायचे थांबले, म्हणून क्लब बुडाले"

काही ठिकाणी असं झालंही. पण गेल्या वीस-बावीस वर्षांतली उदाहरणं तपासली तर वारंवार समोर येतो तो रिंकचा मालक.

बहुतेक क्लबांची स्वतःची रिंक नाही. ती नगरपालिकेची, एखाद्या खाजगी कंपनीची किंवा अरीना चालवणाऱ्या संस्थेची असते. क्लब तासाच्या हिशेबाने बर्फ भाड्याने घेतो. सरावाला कोणते तास, शनिवारी सामन्याला वेळ मिळणार की नाही, पुढच्या वर्षी भाडं किती, हे मालक ठरवतो. मोठ्या अरीनामध्ये एखाद्या गायकाचा दौरा आला तर हॉकीवाल्यांनी आठवडाभर बाहेरगावी खेळायचं.

एडिनबरा कॅपिटल्सला २०१८ मध्ये मरेफील्ड रिंकवरचे तास मिळाले नाहीत; तो बर्फ दुसऱ्या संघाला गेला आणि कॅपिटल्स लीगमधून बाहेर. मँचेस्टर फिनिक्सची फरफट आणखी लांब. २००३ मध्ये तो मोठ्या अरीनामध्ये सुरू झाला, एका हंगामात खर्चाने दमला, दोन वर्षं थांबला आणि २००६-०७ च्या हंगामात मँचेस्टरजवळच्या आल्ट्रिंचमच्या छोट्या रिंकमध्ये पुन्हा उभा राहिला. २०१५ मध्ये ती जागा सुटली. मग मँचेस्टरच्या संघाला घरचे सामने वेल्समधल्या डीसाइडला खेळावे लागले. चाहते काही काळ तिथवरही गेले. जानेवारी २०१७ मध्ये क्लब मिटला. गंमत अशी, की २०१५ च्याच उन्हाळ्यात हल स्टिंगरेज बंद पडल्याने एलीट लीगमध्ये जागा रिकामी झाली होती, आणि ती भरायला त्याच आल्ट्रिंचमच्या बर्फावर नवा संघ आला. नाव? मँचेस्टर स्टॉर्म.

चाहत्यांची चिकाटी पाहायची तर कार्डिफला जावं. तिथली जुनी रिंक २००६ मध्ये खरेदी-संकुलासाठी पाडली. कार्डिफ डेव्हिल्सची सोय म्हणून कार्डिफ बेमध्ये एक तात्पुरती निळी शेड उभी केली. लोक तिला 'मोठा निळा तंबू' म्हणत. हा तात्पुरता तंबू जवळजवळ दहा वर्षं टिकला, कारण कायमची रिंक काही होईना. लोक त्या तंबूत येत राहिले. मार्च २०१६ मध्ये आइस अरीना वेल्स सुरू झाली आणि लगेच पुढच्या दोन्ही हंगामांत, २०१६-१७ आणि २०१७-१८ मध्ये, डेव्हिल्सने लीग जिंकली. रोमफर्डच्या खालच्या स्तरावरच्या क्लबालाही २०१३ मध्ये रिंक गेल्यावर दुसरीकडे बिऱ्हाड हलवावं लागलं. नवी रिंक झाल्यावर २०१८ मध्ये तो घरी परतला.

"एखादा धनाढ्य मालक मिळाला की झालं"

डरहॅम वॉस्प्सपाशी हा विषय संपावा. १९८७, १९८८, १९९१ आणि १९९२ मध्ये ब्रिटनचं विजेतेपद मिळवलेला हा छोट्या गावाचा संघ. न्यूकॅसल युनायटेड फुटबॉल क्लबाचे सर जॉन हॉल यांनी १९९५ मध्ये तो विकत घेतला. बार्सिलोनासारखा अनेक खेळांचा एकच मोठा क्लब करायचा त्यांचा बेत होता. संघ आधी संडरलंडला गेला, मग न्यूकॅसलच्या नव्या अरीनामध्ये. डरहॅमची रिंक १९९६ मध्ये बंद झाली. न्यूकॅसलला संघाची नावं आणि मालक बदलत राहिले, मुळं काही धरली नाहीत. न्यूकॅसलला पैशाची वानवा नव्हती. डरहॅमचे लोक मात्र तिथे नेता आले नाहीत.

स्थलांतर नेहमीच फसतं असंही नाही. सॉलिहलहून २००० मध्ये कॉव्हेंट्रीला गेलेला ब्लेझ तिथे चांगला रुजला. पण माझ्या मते सर्वांत भक्कम व्यवस्था बेलफास्टची आहे. तिथे अरीना आणि जायंट्स दोन्ही ओडिसी ट्रस्ट या धर्मादाय संस्थेचे आहेत. भाडं एका खिशातून निघून दुसऱ्या खिशात जातं, आणि तारखांचं भांडण घरातल्या घरात मिटतं.

"निदान लंडनमध्ये तरी चालायलाच हवं"

सर्वांत मोठं शहर, सर्वांत जास्त परदेशी रहिवासी, सर्वांत जास्त पैसा. लंडन नाइट्स या संघाच्या मागे तर आन्शुट्झ ही अमेरिकी मनोरंजन क्षेत्रातली बलाढ्य कंपनी होती. २००३ मध्ये लंडन अरीना हातची गेली आणि नाइट्सही गेले. नंतर आलेले लंडन रेसर्स ली व्हॅलीच्या रिंकमध्ये खेळत. तिथल्या सुरक्षिततेच्या प्रश्नावरून नोव्हेंबर २००५ मध्ये तेही हंगामाच्या मध्यातच बंद पडले. जुनी रिंक पाडून ली व्हॅलीला २०२३ मध्ये दोन बर्फांची नवी इमारत उभी राहिली आहे. एलीट लीगमध्ये मात्र रेसर्सनंतर लंडनचा एकही संघ आलेला नाही, आणि ३० मैलांवरचं गिल्डफर्ड नगरपालिकेच्या क्रीडासंकुलातल्या रिंकमध्ये २०१७ पासून त्या लीगमध्ये खेळतं आहे.