व्यसनमुक्तीवर कॅमेरा नको

सेवाग्राममुळे वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. पण बंदीने सवय सुटत नाही. ठरल्या वेळी झोपणे, जुन्या अड्ड्याची वाट टाळणे, दर आठवड्याला बैठकीला जाणे अशा बारीकसारीक गोष्टी अनेक महिने केल्या, तर ती सुटते. मधे पाय घसरतोही. अमेरिकेत १९८९ साली मायामीत सुरू झालेले व्यसनोपचार न्यायालय हे धरूनच चालते. आपल्याकडे अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याचे कलम ३९ किरकोळ गुन्ह्यातील व्यसनी माणसाला, त्याची संमती असेल तर, शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू देते. तो जातमुचलका लिहून देतो आणि उपचाराचा अहवाल वर्षाच्या आत न्यायालयापुढे ठेवतो.

न्यायालय खुलेच असावे, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये थेट प्रक्षेपण मान्य केले, मग व्यसनी आरोपींच्या सुनावण्याही दाखवा, असे कोणी म्हणेल. पण घटनापीठापुढचा युक्तिवाद वेगळा आणि हिंगणघाटच्या एखाद्या तरुणाचा लघवी तपासणीचा निकाल वेगळा. इतरांना धडा मिळेल, हेही खरे. मात्र तुरुंग टाळण्यासाठी दिलेली संमती मोकळी नसते, आणि गावात एकदा फिरलेली चित्रफीत नोकरीच्या, लग्नाच्या वेळी पुन्हा समोर येते. गांधीजींनी आपले दोष जगापुढे मांडले, पण ते स्वतःहून. उपचार घेणाऱ्या मनोरुग्णाचे छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यास २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मनाई करतो, आणि त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. वृत्तवाहिन्यांनी न्यायाधीशांचे आदेश जरूर दाखवावेत. रुग्णाचा चेहरा आणि नाव दाखवू नये.