विमानमार्गाखालची भूमी : लेखांक ५ – इराणच्या भूमिगत नहरी

मुंबईहून लंडनला निघालेले विमान अरबी समुद्र ओलांडून मकराणच्या उघड्या, सुरकुतलेल्या डोंगरांवर आले, येथवरची हकीकत गेल्या सप्ताहात सांगितली. पुढे इराणचे पठार लागते, आणि खाली पिवळी माती व क्षाराचे पांढरे डाग यांवाचून पाहण्याजोगे काही नाही अशा समजुतीने बहुतेक प्रवासी याच सुमारास खिडकी झाकून निद्राधीन होतात. परंतु आकाश निरभ्र असून सूर्य कलता असेल, तर डोंगराच्या पायथ्यापासून निघून एखाद्या हिरव्या ठिपक्यापाशी थांबणारी, मुंग्यांच्या वारुळांसारख्या बारीक वर्तुळांची ओळ दिसते. ज्यांना तेथे कनात किंवा कारीझ म्हणतात, त्या भूमिगत नहरींच्या विवरांभोवती टाकलेल्या मातीचे हे ढीग होत.

पायथ्याच्या गाळात पाणी लागेपर्यंत मूळविहीर खणावयाची, मग गावाकडून तिच्या रोखाने अत्यल्प चढाचा बोगदा नेत जावयाचे, आणि हवा मिळावी व माती उपसता यावी म्हणून वाटेत उभी विवरे पाडावयाची, एवढीच ही विद्या. पण खोरासानातील गोनाबादच्या कनातीची मूळविहीर तीनशे मीटरांहून खोल आणि लांबी सुमारे ३३ किलोमीटर आहे हे कळले, म्हणजे ‘एवढीच’ हा शब्द मागे घ्यावासा वाटतो. मोट नाही, रहाट नाही. पाणी आपल्या भारानेच वाहत येते, आणि भूमीखालून येत असल्यामुळे उन्हाने फारसे आटत नाही.

पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार लिहितो की, पाणी नसलेल्या जमिनीवर जो पाणी आणील त्याला इराणी सम्राट पाच पिढ्यांची वहिवाट बहाल करीत. इनामाची याहून शहाणी तजवीज मला ठाऊक नाही. पाण्याची वाटणीही तितकीच काटेकोर असे: तळाला छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडावी आणि ती बुडेपर्यंतचा काळ हे एक माप मानावे. आपल्या लग्नमुहूर्ताचे घटिकापात्र ते हेच. तेथे मात्र ते शेताच्या पाळीसाठी बुडे.

ही विद्या दख्खनलाही अपरिचित नव्हती. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादेला, पाणी आणले ते अशाच भूमिगत नहरीने.

२०१६ साली युनेस्कोने इराणच्या अकरा कनाती जागतिक वारशात नोंदविल्या, तोवर कित्येक कोरड्या पडून चुकल्या होत्या. १९६० नंतरच्या जमीनसुधारणांत, कनातींच्या दुरुस्तीचा खर्च सोसणारे जमीनदार गेले, आणि त्यांच्या जागी खोल विहिरींवरचे पंप आले. कनात भूमीतून स्वभावतः पाझरेल तेवढेच घेते. पंपाला असा काही मुलाहिजा नसतो. पाण्याची पातळी बोगद्याच्या खाली गेली की कनात निरुपयोगी होते, आणि काही मैदानांत तर जमीनच वर्षाला वीस सेंटिमीटरांहून अधिक खचत असल्याचे उपग्रहांच्या मोजणीत आढळले आहे.

पुढील लेखांकात ऊर्मिया सरोवर.