चूक कोणाची, हे समुपदेशक का सांगत नाही?

‘एकदा काउन्सेलरनेच सांगू दे, चूक कोणाची ते!’ बहुतेक घरं याच आशेने येतात. हा पहिला गैरसमज.

मुलुंडच्या वन बीएचकेमधलं घर डोळ्यांसमोर आणा. सासूबाई म्हणतात, ‘लग्न झाल्यापासून मुलगा बदलला.’ सून म्हणते, ‘आईंसमोर हा तोंडच उघडत नाही.’ दोघी समुपदेशकाकडे बघतात. तो मात्र मुलाला विचारतो, ‘आई असं बोलल्या की ही काय करते?’ आत जाऊन दार लावते. ‘मग तुम्ही?’ मोबाइल घेऊन गॅलरीत. ‘आणि आई?’ बंद दाराकडे बघत आणखी मोठ्याने बोलतात. म्हणून दार आणखी उशिरा उघडतं. तिघंही आपापल्या परीने भांडण टाळत असतात आणि या वर्तुळातूनच ते वाढतं. प्रश्नांची ही फिरती पद्धत इटलीतल्या मिलानच्या मानसोपचारतज्ज्ञांनी 1980च्या लेखात मांडली.

समुपदेशक तटस्थ, म्हणजे कोरडा? नाही. तो आळीपाळीने प्रत्येकाची बाजू मनापासून धरतो. सासूबाईंचं एकटेपण सुनेच्या कानांवर नीट पडलं, तरच पुढचं बोलणं होतं.

‘मुलाला स्किझोफ्रेनिया झाला तो आईमुळे’ हा आरोप तर फार क्रूर आहे. 1948मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांच्या लेखाने अशा आईला नावच देऊन टाकलं. पुढच्या संशोधनात हा आरोप टिकला नाही. घरात सतत टीका होत असेल तर आजार उलटण्याची शक्यता वाढते, एवढं दिसलं आहे. म्हणून घरच्यांना दोष न देता बोलण्याची रीत बदलायला शिकवतात.

अंधेरी ते मुलुंड, उपनगरांतले वैवाहिक खटले वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात जातात. तिथल्या समुपदेशकासमोर बोललेलं उद्या आपल्यावरच उलटेल, अशी भीती अनेकांना वाटते. नियमांनुसार ते गोपनीय असतं आणि समुपदेशकाला त्याबद्दल साक्षीला बोलावता येत नाही.

आणि ‘टाळी एका हाताने वाजत नाही’? मारहाणीत हे लागू नाही. तिथे वर सांगितलेलं वर्तुळ काढत बसायचं नसतं. आधी बाईची सुरक्षितता. घरगुती हिंसाचारविरोधी कायदा 2005चा. त्याच्या 2006च्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे, की समुपदेशनात हिंसेचं कोणतंही समर्थन करता येणार नाही आणि हे समोरच्याला सुरुवातीलाच सांगायचं. ‘ती उलट बोलली म्हणून’ हे वाक्य तिथे ऐकूनच घेतलं जात नाही.