ऊसबिल पोरांनाही वाचता आले पाहिजे
— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



आपल्या भागातल्या आठवी-नववीच्या पोराला ट्रॅक्टरचा आवाज ऐकून बिघाड कळतो, मोटारीचा फेज गेलेला कळतो, खोडव्याला पाचट ठेवावे की पेटवावे यावर तो मोठ्यांशी वादही घालतो. पण घरात आलेले ऊसबिल त्याच्यापुढे ठेवून "यातले हातात किती येणार रं?" असे विचारले, की तो वडिलांच्या तोंडाकडे बघतो. शाळेत नफा-तोट्याची आणि सरळव्याजाची गणिते तो सोडवतो, मात्र घरच्या पैशाशी त्या गणिताचा काही संबंध आहे हे त्याला कोणी दाखवलेले नसते.

"पोरांना कशाला पैशाच्या भानगडीत घालायचे?" असे अनेक सभासद म्हणतात. त्यामागची माया आम्ही समजू शकतो. पण कर्ता माणूस अचानक गेला अशा घरांतही शेतकी खात्याच्या कामानिमित्त आम्हांला जावे लागते. सोसायटीचे कर्ज किती, उसनवार कोणाची, शेअर्सला वारसाची नोंद आहे की नाही, विम्याचा हप्ता कुठे भरत होते, यातले घरच्या बाईमाणसाला काही ठाऊक नसते आणि अकरावीतल्या पोरालाही नसते. मग दारात येईल तो सांगेल तो आकडा खरा धरावा लागतो. अशा वेळी जमीन विकायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून हा विषय शाळेवर सोडून चालणार नाही. त्याची सुरुवात घरातच करायला हवी.

पहिला धडा ऊसबिलाचा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली आहे. त्यापुढे उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढतात. समजा, उतारा ११.२५ धरला, तर दर होतो ३,८९६. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. हिशेब सोपा जावा म्हणून ती ८९६ धरू. राहिले ३,००० रुपये. एकरी ४० टन ऊस गेला, तर बिल १,२०,००० रुपयांचे. आता सोसायटीचे पीककर्ज, खतांची उधारी वगैरे मिळून ५५,००० कपात झाली असे धरा. हातात आले ६५,०००.

इथे पोराला प्रश्न विचारावा, "हे पैसे किती महिन्यांचे?" पूर्वहंगामी लागण असेल तर जवळजवळ पंधरा महिन्यांची ही कमाई. भागाकार त्यालाच करू द्या. महिन्याला ४,३३३ रुपये येतात. घरात ऊस किती एकर, त्याने गुणावे, आणि ज्या मजुरीला, पाण्याला खिशातून पैसे गेले ते वजा करावेत. बिलाच्या दिवशी दिसणारी मोठी रक्कम दर महिन्याला केवढी होते हे एकदा त्याने स्वतःच्या हाताने मांडले, की नव्या मोटारसायकलचा हट्ट निम्मा आपोआप कमी होतो. ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यावी आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. हेही पोरांना माहीत असू द्या. हक्क माहीत असणारा सभासदच पुढे कारखाना नीट चालवील.

दुसरा धडा व्याजाचा. बांधावर एक दहावीतला मुलगा आम्हांला म्हणाला, "साहेब, आबांनी शेकडा तीननं पैसे घेतलेत. बँक तर बारा टक्के लावती. स्वस्तच पडलं की!"

"शेकडा तीन महिन्याला की वर्षाला रं?"

पोरगा गप्प. खासगी उसनवारीत शेकडा तीन म्हणजे दरमहा तीन, वर्षाला छत्तीस टक्के. ५०,००० रुपयांवर बँकेचे वर्षाचे व्याज ६,००० होईल, इथे १८,००० होते. पावणेतीन वर्षांत मुद्दलाएवढे व्याज देऊन होते आणि मुद्दल जिथल्या तिथे राहते. सावकारीसाठी परवाना लागतो आणि त्यासाठी महाराष्ट्रात २०१४ चा कायदा आहे, हेही त्याच बैठकीत सांगून टाकावे.

तिसरा धडा कमावण्याचा. लागणीच्या उसात सरीत कांदा, हरभरा, कोथिंबीर असे आंतरपीक आपण घेतोच. त्यातल्या चार-पाच सऱ्या पोराच्या किंवा पोरीच्या हवाली करा आणि एक वही द्या. बियाणे ६००, खत ४००, मजुरी ८००, विक्री २,७०० असे आकडे आले, तर शिल्लक ९००. मग विचारा, "तू स्वतः खुरपलंस, त्याची मजुरी धरलीस का?" ती धरल्यावर नफा किती उरतो ते पाहून पोरे चकित होतात. शेतीचे खरे गणित तिथेच कळते. वहीत लिहिलेला तोटासुद्धा वाया जात नाही.

चौथा धडा शिल्लक ठेवण्याचा. पूर्वी अनेक शाळांत संचयिका चालत, मुलेच खाती लिहीत. आता रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या सूचनांप्रमाणे दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बँकेच्या धोरणात बसत असेल तर स्वतःच्या सहीने बचत खाते उघडता आणि चालवता येते. पोस्टातही ही सोय आहे. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर तिच्या नावाने वर्षाला किमान २५० रुपये भरून सुकन्या समृद्धी खाते चालवता येते. रोजचे २० रुपये बाजूला टाकले तर वर्षाला ७,३०० होतात. मात्र ठेवीचा विमा ५ लाखांपर्यंत बँकेतल्या ठेवीला असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. जादा व्याजाची पाटी वाचताना हा फरक पोरांना दाखवावा.

आणि पाचवा धडा मोबाईलचा. घरातले पैशाचे व्यवहार आता पोरांच्याच बोटांवर चालतात. त्यांना एकच गोष्ट पक्की सांगा: पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. फसवणूक झालीच, तर रागवत बसू नका, लगेच १९३० वर फोन करायला लावा. मार बसेल या भीतीने पोर गप्प राहिले, तर पैसे परत मिळण्याची आशा मावळते.

हे सगळे मुलग्यांपुरते ठेवू नये. उद्या दुसऱ्या घरचा हिशेब मुलीच्याच हाती जायचा आहे, आणि सातबाऱ्यावर तिचेही नाव लागते.

आमची विनंती एवढीच. या हंगामाचे बिल हाती आले की एक संध्याकाळ राखून ठेवा. टीव्ही बंद करा, वजनपावत्या, सोसायटीचा उतारा आणि बँकेचे पासबुक मधे ठेवा, मालकिणीला आणि पोरांना भोवती बसवा आणि थोरल्याला मोठ्याने वाचायला लावा. वारसाची नोंद झाली आहे का, तेही त्याच वेळी बघा. एखादी कपात कळली नाही, तर पोराला बरोबर घेऊन गट कार्यालयात या. त्याच्या प्रश्नाचे उत्तर देणे हे आमचे कामच आहे, आणि त्याने प्रश्न विचारला तर आम्हांला आनंदच होईल.