ऑइलचा लाल दिवा पेटला? गाडी पुढे रेटू नका. आधी प्रेशर मोजा, मगच इंजिन खोला

वरवे बुद्रुक (ता. भोर) : पुणे-सातारा महामार्गालगतच्या गावांत जुन्या गाड्या अजून रोज राबतात. भाजीची पोती, दुधाचे कॅन, लग्नाचं वऱ्हाड, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळं त्याच गाडीवर. त्यात मारुती ८०० आणि ओम्नी, जुनी जीपही आहे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे शेवटी निघालेली गाडीही आता जुनीच म्हणायची.

अशा गाडीच्या मीटरमध्ये चालता चालता तेलाच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा पेटतो. "कापूरहोळपर्यंत तर जाईल," म्हणून गाडी तशीच दामटली जाते. इथंच इंजिन बसतं. दिवा पेटल्यावर लगेच थांबलं तर काम काही वेळा थोडक्यात भागतं. तसंच पुढं गेलं तर क्रँक आणि बेरिंगचा खर्च उभा राहतो, आणि तो कधी कधी गाडीच्या किमतीएवढा होतो.

हा दिवा नेमकं काय सांगतो?

बऱ्याच जणांना वाटतं, ऑइल कमी झालं की हा दिवा लागतो. जुन्या गाड्यांत तो पातळीचा नसून दाबाचा दिवा असतो. ऑइल पुरेसं असूनही दाब पडू शकतो.

ठिबक डोळ्यांसमोर आणा. विहिरीत पाणी, मोटर, फिल्टर आणि पुढं लॅटरल. विहीर आटली, फूटव्हॉल्व्हची जाळी तुंबली, मोटर झिजली किंवा लॅटरल फाटली, काहीही झालं तरी शेवटी प्रेशर पडतं. इंजिनमध्ये तसंच आहे. खालचं चेंबर म्हणजे विहीर. त्यातली जाळी, ऑइल पंप आणि फिल्टर यांतून ऑइल क्रँकच्या बेरिंगपर्यंत जातं. बेरिंग झिजून फट वाढली की फाटलेल्या लॅटरलसारखं ऑइल तिथून निसटतं. दाब पडला की धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांतच इंजिन जाम होऊ शकतं.

रस्त्यात दिवा पेटला तर

गाडी कडेला घ्या, इंजिन लगेच बंद करा, चारही इंडिकेटर लावा. माणसांना रस्त्यापासून लांब उभं करा. महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा हेल्पलाइन नंबर आहे.

दहा मिनिटं थांबून सपाट जागेवर ऑइलची पट्टी काढा, पुसा, परत घालून बघा. ऑइल खालच्या खुणेच्या आत असेल तर त्याच ग्रेडचं थोडं थोडं ओता. वरच्या खुणेच्या पुढं भरू नका. मग इंजिन चालू करून बघा. काही सेकंदांत दिवा विझला नाही किंवा आतून 'टक-टक' आवाज आला तर लगेच बंद करा आणि गाडी टो करून न्या.

वळणावर किंवा ब्रेक मारताना दिवा लुकलुकत असेल, तर बहुतेक वेळा ऑइलच कमी असतं. मग ते गेलं कुठं ते शोधा. चेंबरचा नट, फिल्टर, ऑइल सील बघा. धूर निळसर येत असेल तर ऑइल जळतंय.

पट्टीवरचं ऑइल काय सांगतं?

दुधाच्या चहासारखा रंग आला असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळलंय. पेट्रोलचा वास येऊन पातळी उलट वाढली असेल तर त्यात पेट्रोल उतरतंय. दोन्ही वेळा ऑइल कमजोर होतं. नुसतं ऑइल बदलून भागत नाही, मूळ दोष काढावा लागतो.

गॅरेजमध्ये क्रम असा ठेवा

खर्च कमी तिथून सुरुवात करावी.

१. ऑइल आणि फिल्टर किती दिवसांचं आहे ते बघा. जुनं असेल तर कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर टाका.

२. दिव्याचा स्विच आणि वायर तपासा. जुन्या गाड्यांत बहुधा एकच वायर असते. चावी चालू ठेवून स्विचवरची वायर काढली की दिवा विझायला हवा. तरीही पेटलेलाच राहिला तर वायर कुठंतरी बॉडीला लागलीय.

३. स्विच काढून त्या जागी प्रेशर गेज लावा. मापन इंजिन पूर्ण गरम झाल्यावर घ्या, कारण थंड ऑइल जाड असतं आणि आकडा चांगला दाखवतं. ढोबळ हिशेब असा, की दर १००० आरपीएमला सुमारे १० पीएसआय दाब हवा. पक्का आकडा त्या गाडीच्या पुस्तकातला.

गेजवर दाब ठीक आणि दिवा मात्र पेटलेला, तर दोष स्विचचा किंवा वायरचा. गरम इंजिनला नुसत्या आयडलवर दाब कमी आणि रेस दिल्यावर ठीक, तर बेरिंगची झीज किंवा पातळ झालेलं ऑइल. रेस देऊनही दाब उठत नसेल तर जाळी तुंबलेली, रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलेला किंवा पंप झिजलेला असू शकतो. बेरिंग जास्त झिजलं तरीही असंच होतं.

४. मग चेंबर खाली उतरवा. जाळी आणि गाळ साफ करा, पंप आणि व्हॉल्व्ह बघा, बेरिंगची फट मोजा. गाळात चकाकणारा धातूचा चुरा दिसला तर बेरिंग संपत आलंय.

गेज न लावता कुणी "इंजिन खोलावं लागेल" म्हणालं, तर आधी आकडा दाखवा म्हणावं.

जाड ऑइलचा उतारा

दिवा घालवायला जाड ऑइल टाकायची सवय आहे. दिवा विझतो, पण झीज तिथंच राहते. वर सकाळी थंड इंजिनमध्ये जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लावतं.

जुनी गाडी घेताना

चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करण्याआधी हा लाल दिवा पेटलाच पाहिजे आणि चालू झाल्यावर विझला पाहिजे. आधी पेटतच नसेल तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी वायर काढून ठेवलीय. अर्धा तास गाडी चालवून, गरम इंजिन आयडलवर ठेवून परत दिवा बघा. तेव्हा लुकलुकला तर गेज लावल्याशिवाय पैसे मोजू नका.