मुक्तांगण : बरा झालेला माणूस कामाला लागतो तेव्हा

पुण्यात येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नवा माणूस येतो, तो क्वचितच स्वतःच्या पायांनी येतो. बायकोने हातापाया पडून आणलेलं असतं, भावाने दटावून रिक्षात बसवलेलं असतं. हात थरथरत असतात, डोळ्यांत राग असतो आणि ‘मला काही झालेलं नाही’ हे वाक्य तोंडात तयार असतं. समोर बसलेला समुपदेशक त्याच्याशी वाद घालत नाही. ‘मीपण इथे असाच आलो होतो,’ एवढं सांगतो आणि मग शेवटचा पेग किंवा शेवटची पुडी कधी घेतली, ते विचारतो. आलेला माणूस पहिल्यांदा मान वर करून समोरच्याकडे नीट बघतो. व्यसनमुक्तीच्या कामातली एक मोठी ताकद या नजरेत आहे. डॉक्टरांची पदवी ती देऊ शकत नाही आणि घरच्यांच्या रडण्यानेही ती येत नाही.

मुक्तांगणच्या समुपदेशकांत आणि कार्यकर्त्यांत मोठा भाग अशा बरे झालेल्यांचा आहे. एके काळी तेही याच उपचारांतून गेले. त्यांना कामावर घेणं हा या संस्थेचा दयाळूपणा आहे, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. हा उपचाराचाच भाग आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा.

1980च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई-पुण्यात गर्द आलं. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, अशुद्ध हेरॉइन. सिगारेटच्या चांदीवर ठेवून खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा. कॉलेजातली, बऱ्या घरांतली मुलं बघता बघता घरातली भांडी विकू लागली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांच्यासमोर अशी मुलं येत होती. त्यांचे पती अनिल अवचट हेही डॉक्टर, पण तोवर लेखक-पत्रकार म्हणून ओळखले जाणारे. ते या मुलांत जाऊन बसले, त्यांच्या आईबापांना भेटले आणि त्यांनी लिहिलं. ‘गर्द’ हे पुस्तक त्यातूनच झालं. ते लेखन वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. त्यांनी एक लाख रुपये दिले आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झालं.

अनिताबाई आणि अनिल अवचट या दोघांनाही व्यसन नव्हतं. त्यामुळे बरे झालेल्यांना कामावर घेण्याचा त्यांचा निर्णय मला फार मोठा वाटतो. आपल्याकडे नसलेलं ज्ञान दुसऱ्याकडे आहे, आणि तेही ज्याला सगळ्यांनी वाया गेलेला ठरवलंय त्याच्याकडे, हे मान्य करायला मन मोठं लागतं. ज्या माणसामुळे घरातल्या कपाटाला कुलूप लागलं, त्याच माणसावर इथे वॉर्डाची जबाबदारी आली. आईनेही विश्वास ठेवणं सोडून दिलं होतं, तेव्हा कुणीतरी तो ठेवला. त्याचं मोल पगारात होत नाही, पण पगाराशिवायही होत नाही. त्याकडे पुढे येतो.

इथला उपचार साधारण पस्तीस दिवसांचा. आलेल्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. पहिले काही दिवस शरीराचे असतात. गर्द थांबलं की त्रास सुरू होतो, त्याला गर्दवाले ‘टर्की’ म्हणतात. नाक-डोळे वाहतात, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा येतो, पाय कुठेच ठेववत नाहीत, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो आणि मग हळूहळू उतार पडतो. ‘हे संपतं’ असं पुस्तकात वाचून सांगणाऱ्यावर त्या रात्री कोण विश्वास ठेवील? पण शेजारी बसलेला कार्यकर्ता त्यातून गेलेला असला, तर त्याचं तिथे धडधाकट बसलेलं असणं हाच पुरावा असतो.

दारूचं वेगळं आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकदम थांबवली तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, वेळेवर उपचार झाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टर हवाच, औषधं हवीतच. चांगल्या केंद्रात बरा झालेला कार्यकर्ता डॉक्टरची जागा घेत नाही. कुणाला घाम फुटलाय, कुणाची बोटं चादर चाचपताहेत, हे त्याला आधी दिसतं आणि तो डॉक्टरांना बोलावतो.

शरीर सावरल्यावर खरी कसोटी लागते. आठ-दहा दिवसांत भूक लागते, चेहऱ्यावर तजेला येतो आणि माणूस म्हणतो, ‘आता मी एकदम ठणठणीत आहे, घरी जातो, धंदा बघायचाय.’ घरच्यांना आनंद होतो. बरा झालेला समुपदेशक मात्र सावध होतो. हे वाक्य त्याने स्वतः म्हटलेलं असतं, घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी काय झालं, हेही त्याला आठवत असतं. तो समोरच्याला खोटारडा म्हणत नाही. आपलं काय झालं ते सांगतो आणि थांबतो. घरच्यांकडेही लक्ष द्यावं लागतं, कारण वर्षानुवर्षं व्यसनी माणसाबरोबर राहून त्यांचंही मन आजारलेलं असतं. पत्नींसाठी मुक्तांगणात ‘सहचरी’ हा गट चालतो.

बऱ्या झालेल्याने दुसऱ्याला सावरण्याची ही रीत मुक्तांगणने शोधून काढलेली नाही. तिची मुळं अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावात आहेत. 1935च्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस तिथे होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. व्यवहार फिसकटला होता आणि हॉटेलातला बार खुणावत होता. त्याने बारकडे न जाता फोन उचलला आणि आपल्यासारखाच कुणी दारुडा भेटेल का, याची चौकशी सुरू केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाची गाठ पडली. पंधरा मिनिटांसाठी म्हणून आलेले डॉक्टर काही तास बसले. बिलने त्यांना उपदेश केला नाही, स्वतःची गोष्ट सांगितली. डॉ. बॉब यांनी शेवटची दारू प्यायली तो 10 जून 1935 हा दिवस दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ म्हणजेच ‘एए’ या संघटनेचा स्थापना दिवस मानला जातो. बिलने डॉक्टरांची गाठ त्यांच्यावर उपकार करायला घेतली नव्हती, स्वतःला वाचवायला घेतली होती. दुसऱ्याला सावरताना आपण सावरतो, हे ‘एए’च्या बारा पायऱ्यांच्या उपचारक्रमातल्या शेवटच्या पायरीचं सार त्या संध्याकाळचंच आहे.

‘एए’ने हे काम पैशासाठी करायचं नाही, असं ठरवलं. ते त्यांच्यासाठी योग्यच होतं. पण इस्पितळांना रात्रपाळीला थांबणारी, हजेरीवर येणारी माणसं हवी होती. मिनेसोटा राज्यात विल्मर इथल्या सरकारी इस्पितळाने 1950च्या दशकात दारूतून बाहेर पडलेल्यांना डॉक्टर-मानसशास्त्रज्ञांच्या बरोबरीने कामावर घेतलं. 1954 मध्ये त्यांच्यासाठी सरकारी नोकरीत समुपदेशकाचं पदच तयार झालं. अनुभव पहिल्यांदा कामाची पात्रता म्हणून कागदावर आला. ‘मिनेसोटा मॉडेल’ नावाने ही पद्धत पुढे जगभर गेली.

महाराष्ट्रात मुक्तांगणच्याही आधी या वाटेने एक माणूस चालला. वसईचे फादर जो परेरा स्वतः दारूच्या विळख्यात सापडलेले धर्मगुरू. ‘एए’च्या आधाराने ते बाहेर आले आणि 1981 मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात त्यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं. बी. के. एस. अय्यंगारांकडे शिकलेला योग त्यांनी बारा पायऱ्यांना जोडला. व्यसनाने हललेलं शरीर आधी स्थिर व्हावं, मग मन, हा त्यांचा आग्रह. 2009 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका धर्मगुरूने ‘मी दारुडा होतो’ हे उघड सांगावं, याचं धाडस मला त्या पुरस्काराहून मोठं वाटतं.

एवढं सांगून झाल्यावर धोक्यांबद्दल गप्प राहणं अप्रामाणिकपणाचं होईल. व्यसनातून बाहेर पडलेला प्रत्येक जण समुपदेशक होऊ शकत नाही, व्हायलाही नको. ‘मी असा सुटलो, तूही असाच सुटशील’ हा हट्ट रुग्णाला मारक असतो. दुसऱ्याच्या रात्री सांभाळताना स्वतःच्या आधारगटाच्या मीटिंगा सुटतात, झोप कमी होते आणि एक दिवस ‘स्लिप’ होते, म्हणजे माणूस पुन्हा व्यसनाकडे घसरतो. तेव्हा त्याच्यावर भरवसा ठेवणारे दहा रुग्णमित्रही हादरतात. त्यामुळे व्यसनमुक्त होऊन पुरेसा काळ गेल्याशिवाय कामावर घेऊ नये. घेतल्यावर ऐकायचं कसं, गुप्तता कशी पाळायची, रुग्णाला उसने पैसे का द्यायचे नाहीत, हे रीतसर शिकवावं आणि त्याचं मन मोकळं करायला वरिष्ठ माणूस असावा. अनुभवाला शिस्तीची जोड मिळाली तरच तो दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

ही शिस्त नसली की काय होतं, तेही या देशाने पाहिलं आहे. ‘मी स्वतः यातून गेलोय, मला माहीत आहे यांना कसं सरळ करायचं’ असं म्हणत मारणारी, साखळीला बांधणारी केंद्रं जागोजागी उघडली गेली. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार साखळदंड घालायला बंदी आहे, आणि व्यसनाशी निगडित मनोविकारही या कायद्याच्या कक्षेत येतात. बरा झालेला माणूस क्रूरही असू शकतो. दुःख भोगल्याने माणूस आपोआप शहाणा होत नाही.

मुक्तांगणचं काम मात्र चालूच आहे. डॉ. अनिता अवचट 1997 मध्ये गेल्या, अनिल अवचट जानेवारी 2022 मध्ये. त्यांची कन्या, मानसशास्त्रज्ञ मुक्ता पुणतांबेकर आता मुक्तांगण सांभाळतात. दुसऱ्या केंद्रांतल्या कार्यकर्त्यांना इथे प्रशिक्षणही दिलं जातं.

अशा कार्यकर्त्यांची गरज किती मोठी आहे? दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 5.7 कोटी लोकांना दारूमुळे उभ्या राहिलेल्या समस्यांसाठी मदत हवी आहे. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला काही तरी उपचार मिळतो. एवढे मनोविकारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत आणि लवकर होणारही नाहीत. बरे झालेले प्रशिक्षित कार्यकर्ते मात्र तयार होऊ शकतात. तरीही अनुदानाच्या हिशेबात त्यांचं मानधन शेवटच्या ओळीला येतं आणि पुष्कळदा उशिरा येतं. ज्याला आपण रात्री दोन वाजता फोन करतो, त्याने कृतज्ञतेवर घर चालवावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्यांना पद द्या, प्रशिक्षण द्या आणि पोट भरेल एवढा पगार द्या.

आणि घरात कुणी अडकलं असेल, तर केंद्र निवडण्यापूर्वी स्वतः जाऊन बघा. डॉक्टर रोज येतात का, रुग्णाला घरच्यांशी बोलू देतात का, नोंदणी आहे का, हे विचारा. तिथे काम करणाऱ्यांत बरे झालेले कोण आहेत, तेही विचारा आणि त्यांच्याजवळ थोडा वेळ बसा. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.